मेरिट : तीन विद्यापीठांचे जाळे

मेरिट हे अमेरिकेतले सर्वाधिक काळ अखंड चालत आलेले प्रादेशिक संगणक-जाळे. १९६६ साली मिशिगन राज्यातील तीन सार्वजनिक विद्यापीठांनी एकत्र येऊन ते स्थापन केले. अ‍ॅन आर्बरचे मिशिगन विद्यापीठ, ईस्ट लान्सिंगचे मिशिगन स्टेट विद्यापीठ आणि डेट्रॉइटचे वेन स्टेट विद्यापीठ ही ती तीन विद्यापीठे. संस्थेचे पूर्ण नाव होते मिशिगन एज्युकेशनल रिसर्च इन्फर्मेशन ट्रायड, आणि मेरिट ही त्याचीच आद्याक्षरे. इंटरनेटच्या इतिहासात अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पानेटचे नाव सर्वांत आधी घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण आर्पानेटवरचा पहिला संदेश गेला तो १९६९ च्या ऑक्टोबरात. त्याआधी तीन वर्षे मिशिगनमधल्या प्राध्यापकांनी आपापले संगणक जोडण्याचे ठरवून त्यासाठी संस्थाही नोंदवली होती. पुढे याच संस्थेकडे संपूर्ण अमेरिकेच्या इंटरनेटचा कणा सांभाळण्याचे काम आले. एका राज्यापुरते काम करणाऱ्या विद्यापीठीय संस्थेला हे कसे साधले, याचे उत्तर तिच्या पहिल्या वीस वर्षांत सापडते.

साठच्या दशकात मोठा संगणक म्हणजे मेनफ्रेम. त्याला स्वतंत्र वातानुकूलित दालन लागे, चालवायला प्रशिक्षित माणसे लागत आणि किंमत लाखो डॉलरांत असे. विद्यापीठाजवळ असा एखादाच संगणक असायचा, आणि प्रत्येकाने तो आपल्या गरजेप्रमाणे निवडलेला असायचा. अ‍ॅन आर्बरला आयबीएमची यंत्रे होती. तिथल्या संगणक केंद्राने एकाच वेळी अनेकांना यंत्र वापरता यावे म्हणून मिशिगन टर्मिनल सिस्टिम ही स्वतःची कार्यप्रणाली घडवली होती. ईस्ट लान्सिंगला कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ६५०० होता, आणि अवजड वैज्ञानिक आकडेमोडीत तो सरस होता. एका जातीच्या यंत्रासाठी तयार झालेली आज्ञावली दुसऱ्या जातीच्या यंत्रावर चालत नसे. तिन्ही विद्यापीठांना पैसा एकाच राज्याच्या तिजोरीतून मिळत होता. तेव्हा प्रत्येकाने सगळेच विकत घेण्यापेक्षा एकमेकांचे संगणक वापरता आले तर बरे, हा विचार त्यातून पुढे आला.

विचार पटला तरी पैसा उभा राहायला तीन वर्षे गेली. १९६९ मध्ये मिशिगनच्या विधिमंडळाने चार लाख डॉलर मंजूर केले आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान या केंद्रीय संस्थेने तेवढीच रक्कम त्यात घातली. मिशिगन विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक बर्ट्रम हर्झॉग हे पहिले संचालक झाले. एरिक ऑपर्ले ज्येष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले. १९७४ मध्ये ते संचालक झाले आणि २००१ पर्यंत मेरिटची सूत्रे त्यांच्याकडेच राहिली. संगणक क्षेत्रात इतका काळ एका माणसाने एकच संस्था चालवल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. मेरिटच्या स्थैर्यामागे हे सातत्य मोठे कारण होते.

खरी अडचण यंत्रांच्या भिन्नतेची होती. आयबीएमच्या यंत्रात माहितीचे माप आठ बिटांच्या बाइटचे आणि बत्तीस बिटांच्या शब्दाचे होते, तर सीडीसीच्या यंत्रातला शब्द साठ बिटांचा होता. अक्षरे साठवण्याची संकेतपद्धतही दोन्हीकडे वेगळी होती. हे दोन संगणक नुसत्या तारेने जोडले असते तर त्यांना एकमेकांचे काहीच कळले नसते. शिवाय कोणतेही विद्यापीठ दुसऱ्यासाठी आपली कार्यप्रणाली बदलायला तयार नव्हते. म्हणून प्रत्येक मेनफ्रेमच्या बाजूला एक छोटा संगणक बसवायचे ठरले. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-११ या लघुसंगणकावर अप्लाइड डायनॅमिक्स या कंपनीने आवश्यक ती जोडणी चढवली आणि त्याला संपर्क-संगणक असे नाव मिळाले. मेनफ्रेमकडून माहिती घ्यायची, तिचे लहान लहान भाग म्हणजे पॅकेट करायचे, ते टेलिफोन तारांवरून पाठवायचे, वाटेत बिघडलेले पॅकेट पुन्हा मागवायचे आणि पलीकडच्या मेनफ्रेमला चालेल अशा रूपात माहिती हाती द्यायची, ही सगळी कामे तो करी. मेनफ्रेमच्या दृष्टीने तो नेहमीच्या जोड-उपकरणांसारखाच एक होता. तारांचा वेग सेकंदाला अवघा काही हजार बिट होता. आज एक साधे छायाचित्र पाठवायचे तर त्या तारांवर तासन् तास लागले असते.

१४ डिसेंबर १९७१ रोजी अ‍ॅन आर्बर आणि डेट्रॉइट इथल्या आयबीएम मेनफ्रेममध्ये पहिली जोडणी यशस्वी झाली. दोन गावांमधले अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. ऑक्टोबर १९७२ मध्ये ईस्ट लान्सिंगचा सीडीसी ६५०० जोडला गेला आणि त्रिकोण पूर्ण झाला. मेरिटच्या कल्पनेची खरी कसोटी ही दुसरी जोडणी होती, कारण जातीने वेगळी असलेली यंत्रे तिथे पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. अ‍ॅन आर्बरच्या टर्मिनलसमोर बसलेला विद्यार्थी आता ईस्ट लान्सिंगच्या यंत्रावर गणित सोडवू शकत होता. एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर नेता येत होती, आणि मोठे काम दूरच्या संगणकाकडे सोपवून निकाल आपल्या गावी मागवता येत होता.

नव्या प्रकारचे वापरही यातून रुजले. १९७५ मध्ये रॉबर्ट पार्न्स यांनी मिशिगन टर्मिनल सिस्टिमवर कॉन्फर नावाची व्यवस्था लिहिली. एका विषयावर अनेकांनी आपापल्या सवडीने मते नोंदवायची आणि इतरांनी त्यांना उत्तरे द्यायची, असे तिचे स्वरूप होते. प्राध्यापक, विद्यार्थी आणि प्रशासनातली माणसे एकाच चर्चेत लिहू लागली. मोठी संगणकीय कामे वाटून घेण्यासाठी बांधलेले जाळे माणसांना एकमेकांशी बोलण्यासाठीच जास्त आवडले, हा अनुभव जगातल्या जवळजवळ प्रत्येक जाळ्याला पुढे आला.

१९७६ मध्ये मेरिट टेलिनेट या व्यापारी पॅकेट-जाळ्याला जोडले गेले. त्यामुळे देशातल्या दुसऱ्या शहरातूनही स्थानिक फोन लावून मिशिगनच्या संगणकापर्यंत पोचता येऊ लागले. त्यानंतर कालामाझूचे वेस्टर्न मिशिगन विद्यापीठ चौथा सदस्य झाले. ऐंशीच्या दशकात सेंट्रल मिशिगन, ईस्टर्न मिशिगन, ओकलंड आणि अगदी उत्तरेकडचे मिशिगन टेक ही विद्यापीठेही आली. राज्यभर टर्मिनलसाठी स्थानिक फोन क्रमांक उघडले गेले. जुन्या संपर्क-संगणकांच्या जोडीला त्याच घराण्यातली लहान यंत्रे आली, आणि आर्पानेटसाठी घडलेले टीसीपी-आयपी हे नियमसंच मेरिटच्या स्वतःच्या नियमांशेजारी नांदू लागले.

या काळात मेरिटने कमावलेली सर्वांत मोलाची गोष्ट तांत्रिक नव्हती. सदस्य विद्यापीठे विद्यार्थ्यांसाठी, निधीसाठी आणि नावलौकिकासाठी एकमेकांशी स्पर्धा करणारी होती. तरीही त्यांच्या प्रतिनिधींनी एका टेबलाभोवती बसून खर्चाची वाटणी ठरवली. कोणत्या तारेचा वेग आधी वाढवायचा, बिघाड झाला की कुणी धावायचे आणि कुणाच्या यंत्रावर कुणाला किती हक्क, हेही तिथेच ठरत असे. कोणत्याही एका विद्यापीठाचे वर्चस्व नसलेली, पण सर्वांच्या मालकीची अशी ही संस्था होती. आर्पानेटला एकाच निधीदात्याचे पाठबळ होते आणि त्याचा शब्द चालत असे. मेरिटला प्रत्येक निर्णय समजुतीने घ्यावा लागे. वेळ जास्त लागायचा, पण घेतलेला निर्णय टिकायचा. राष्ट्रीय जाळ्याची जबाबदारी आली तेव्हा नेमकी हीच सवय कामी आली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने देशात महासंगणक केंद्रे उभारली. ती संशोधकांना दुरून वापरता यावीत म्हणून १९८६ मध्ये एनएसएफनेट हे जाळे सुरू झाले. त्याची रचना तीन पायऱ्यांची होती. विद्यापीठाच्या आवारातले जाळे प्रादेशिक जाळ्याला जोडायचे, प्रादेशिक जाळे राष्ट्रीय कण्याला जोडायचे आणि सर्वांनी टीसीपी-आयपी वापरायचे, असे ठरले होते. पहिल्या कण्याचा वेग सेकंदाला ५६ हजार बिट होता. तो इतक्या लवकर तुंबला की वर्षभरातच नवा कणा बांधण्यासाठी प्रस्ताव मागवावे लागले.

मेरिटने आयबीएम, एमसीआय ही दूरध्वनी कंपनी आणि मिशिगन राज्य सरकार यांना सोबत घेऊन प्रस्ताव दिला. राज्याने पन्नास लाख डॉलर देऊ केले. आयबीएमने यंत्रे आणि सॉफ्टवेअर, तर एमसीआयने वाहिन्या बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्तात देण्याची तयारी दाखवली. या जुळणीत मिशिगन विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञानाची धुरा वाहणारे डग्लस व्हॅन हौवेलिंग यांचा वाटा मोठा होता. २४ नोव्हेंबर १९८७ रोजी हे काम मेरिटला मिळाल्याचे जाहीर झाले. पाच वर्षांसाठी केंद्राची रक्कम होती १ कोटी ४० लाख डॉलर. भागीदारांचे योगदान धरले तर प्रकल्पाचे आकारमान त्याहून कितीतरी मोठे होते.

पुढच्या आठ महिन्यांत अ‍ॅन आर्बरमध्ये जे काम झाले ते विलक्षण होते. सेकंदाला १५ लाख बिट वेगाच्या, टी-१ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहिन्यांनी तेरा ठिकाणे जोडायची होती : पहिल्या कण्यावरची सहा केंद्रे आणि अ‍ॅन आर्बरसह सात प्रादेशिक जाळी. या वेगाला पुरे पडतील असे तयार राउटर तेव्हा बाजारात नव्हते. म्हणून प्रत्येक ठिकाणी आयबीएमची आरटी जातीची सुमारे नऊ छोटी यंत्रे एकत्र जोडून पॅकेटची वाट ठरवणारे एक केंद्र बनवले गेले. जुलै १९८८ मध्ये नवा कणा ठरल्या वेळी सुरू झाला आणि अ‍ॅन आर्बरमधल्या नियंत्रण कक्षात रात्रंदिवस पहारा सुरू झाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या एखाद्या विद्यापीठाची जोडणी मध्यरात्री तुटली तरी मिशिगनमधल्या माणसाला ते दिसे.

वाहिन्या आणि यंत्रांइतकाच अवघड प्रश्न वाटांचा होता. कोणते जाळे कुठे आहे हे प्रादेशिक जाळी कण्याला सांगत असत. एखाद्याने चुकून दुसऱ्याचे जाळे आपल्याकडे असल्याचे कळवले, तर देशभरची वाहतूक भलतीकडे वळली असती. यावर मेरिटने हान्स-वर्नर ब्राउन यांच्या नेतृत्वाखाली एक नोंदवही तयार केली. कोणत्या जाळ्याची वाट कोणत्या प्रादेशिक जाळ्यातून येणे मान्य आहे, हे तीत आधी नोंदवायचे आणि नोंदीशी न जुळणारी माहिती कण्याने नाकारायची, असा नियम झाला. कामाचा हा भाग वरवर कारकुनी वाटतो, पण इंटरनेट कोसळू न देण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. वाटा कळवण्याचा त्या वेळचा नियमसंच जाळ्याची रचना झाडासारखी, एका खोडातून फुटणारी असल्याचे धरून चाले. प्रत्यक्षात जाळी एकमेकांना अनेक ठिकाणी जोडली जात होती. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात भरलेल्या अभियंत्यांच्या बैठकीत आयबीएमचे याकोव्ह रेख्टर आणि सिस्कोचे कर्क लॉहीड यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर नव्या नियमसंचाचा आराखडा काढला. तोच बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल. रेख्टर एनएसएफनेटच्या कामातच होते आणि हा नियमसंच लवकरच त्या कण्यावर वापरात आला. आजही जगातली सगळी मोठी जाळी एकमेकांना वाटा कळवतात त्या त्याच्याच सुधारित आवृत्तीने.

वापर कुणाच्याही अंदाजापलीकडे वाढला. ऑगस्ट १९८८ मध्ये कण्यावरून सुमारे साडेएकोणीस कोटी पॅकेट गेली, तर नोव्हेंबर १९९२ मध्ये हा आकडा २,४०० कोटींजवळ पोचला. सेकंदाला साडेचार कोटी बिटांच्या टी-३ वाहिन्यांवर जाणे भाग पडले. सप्टेंबर १९९० मध्ये मेरिट, आयबीएम आणि एमसीआय यांनी अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क अँड सर्व्हिसेस ही ना-नफा कंपनी काढली आणि नवा कणा तिच्यामार्फत चालवला. सुरुवातीला यंत्रांमधल्या जोडणी-पट्ट्यांनी त्रास दिला. नव्या पट्ट्या बसवल्यावर १९९२ मध्ये सगळी वाहतूक टी-३ वर गेली आणि त्याच वर्षअखेर टी-१ चा कणा बंद झाला.

याच टप्प्यावर वाद उभा राहिला. कणा सरकारी पैशावर चालत असल्याने त्यावर फक्त शिक्षण आणि संशोधनाचीच वाहतूक जावी, असा नियम होता. नव्या कंपनीने १९९१ मध्ये नफ्यासाठी चालणारी उपकंपनी काढून त्याच वाहिन्यांवर व्यापारी ग्राहक घ्यायला सुरुवात केली. इतर खासगी सेवादारांनी त्याच वर्षी आपापसात देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र केंद्र उभारले आणि सरकारी आधारावर उभ्या कंपनीला अवाजवी फायदा मिळतो अशी तक्रार केली. मार्च १९९२ मध्ये संसदेच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, आणि त्या वर्षीच्या कायद्याने कण्यावरच्या व्यापारी वाहतुकीला वाट मोकळी करून दिली. तक्रारीत तथ्य होते. सर्वांसाठी बांधलेली गोष्ट बाजाराच्या हाती कशी सोपवायची, याचा तयार नमुना तेव्हा कुणाकडेच नव्हता. मेरिटची पहिली वीस वर्षे ज्या उघड्या चर्चेवर उभी होती, तिच्या तुलनेत उपकंपनीचा हा निर्णय फारच थोड्या लोकांत झाला, हे मात्र नोंदवावे लागते.

दरम्यान परदेशांतली जाळीही या कण्याला जोडली जात होती. भारत एनएसएफनेटशी जोडला गेला तो १९९० मध्ये. मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे भारताच्या ईआरनेट या शैक्षणिक जाळ्याचे बाहेरच्या जगाकडे उघडणारे दार होते. ईआरनेटचा आरंभही १९८६ मध्ये काही निवडक शिक्षण व संशोधन संस्थांपासून झाला होता आणि त्यांत पवईची आयआयटी मुंबई होती. पवईच्या संशोधकाची ईमेल अमेरिकेतल्या विद्यापीठात पोचे, तेव्हा तिच्या वाटेतला बराच भाग अ‍ॅन आर्बरच्या देखरेखीखाली असे.

३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेटचा कणा बंद करण्यात आला. तोपर्यंत ९३ देशांतली पन्नास हजारांहून जास्त जाळी त्याला जोडलेली होती. त्याची जागा खासगी कंपन्यांच्या कण्यांनी आणि ते एकमेकांना जिथे भेटतील अशा देवाणघेवाण केंद्रांनी घेतली. वाटांची नोंदवही सांभाळण्याचे काम मेरिट आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची माहितीशास्त्र संस्था यांच्याकडे सोपवले गेले. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केले ते त्याच वर्षी १५ ऑगस्टला. म्हणजे मुंबईकर घरून इंटरनेटवर आला, तेव्हा विद्यापीठांनी चालवलेला तो कणा साडेतीन महिन्यांपूर्वीच निवृत्त झालेला होता.

राष्ट्रीय काम संपले तरी त्यातून निघालेल्या तीन गोष्टी टिकल्या. प्रादेशिक जाळ्यांच्या तंत्रज्ञांच्या बैठका मेरिट पूर्वीपासून भरवत असे. १९९४ मध्ये त्यांतून नॅनॉग हा उत्तर अमेरिकेतल्या जाळे-चालकांचा गट तयार झाला. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते आपल्याकडचे बिघाड आणि उपाय तिथे मोकळेपणाने सांगत. २०११ पर्यंत मेरिटने तो चालवला आणि मग तो स्वतंत्र झाला. वाटांच्या नोंदवहीतून राडब ही सार्वजनिक नोंदणी उभी राहिली. जगभरचे सेवादार आजही तिच्यात आपापल्या वाटा नोंदवतात.

तिसरी गोष्ट मिशिगनच्या स्थानिक गरजेतून आली. मेरिटच्या प्रादेशिक जाळ्याला आता मिशनेट म्हणत आणि राज्यभर त्याचे फोन क्रमांक होते. एका विद्यापीठाचा विद्यार्थी सुटीत आपल्या गावी गेला की तिथल्या जवळच्या क्रमांकावर फोन लावी. तो खरेच आपला वापरकर्ता आहे का, हे त्या गावातल्या यंत्राला कळायचे कसे? प्रत्येक यंत्रावर सर्व विद्यापीठांच्या सर्व विद्यार्थ्यांचे पासवर्ड ठेवणे ना सोयीचे होते, ना सुरक्षित. १९९१ मध्ये मेरिटने या प्रश्नावर उपाय मागवले. लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने दिलेल्या उत्तरातून रेडिअस हा नियमसंच जन्मला. त्यात फोन उचलणारे यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ते चौकशी एका सर्व्हरकडे पाठवते, तो सर्व्हर ती विद्यार्थ्याच्या मूळ विद्यापीठाच्या सर्व्हरकडे पुढे देतो, आणि होकार किंवा नकार त्याच वाटेने परत येतो. पासवर्डची यादी ज्याची त्याच्याजवळच राहते. १९९७ मध्ये हा नियमसंच इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आला. टेलिफोनवरून जोडणीचे दिवस केव्हाच सरले, पण संस्थांच्या वाय-फायवर आणि सेवादार कंपन्यांत रेडिअस अजून राबतो. एका विद्यापीठाच्या माणसाला दुसऱ्या विद्यापीठात स्वतःच्याच पासवर्डने वाय-फाय मिळवून देणारी एड्युरोम ही आंतरराष्ट्रीय सेवा याच नियमसंचावर उभी आहे, आणि भारतात ती ईआरनेट चालवते.

त्यानंतर मेरिटने आपले लक्ष पुन्हा राज्याकडे वळवले. भाड्याच्या वाहिन्यांऐवजी स्वतःचे प्रकाशतंतू टाकायला सुरुवात झाली. मिशिगनचा उत्तर भाग विरळ वस्तीचा, जंगलांचा आणि लांब अंतरांचा आहे. तिथे खासगी कंपन्यांना वेगवान जोडणी देणे परवडत नव्हते. २०१० मध्ये केंद्र सरकारने देशभर ब्रॉडबँडसाठी अनुदाने दिली. त्यांतून मेरिटला दोन टप्प्यांत दहा कोटी डॉलरांहून अधिक मदत मिळाली आणि राज्यभर सुमारे ३,६०० किलोमीटर लांबीचे नवे प्रकाशतंतू टाकण्यात आले. या वाहिन्यांवरची जागा स्थानिक सेवादारांनाही भाड्याने घेता यावी, अशी रचना होती, म्हणजे शाळेपर्यंत आलेली तार पुढे घराघरात नेण्याचे काम त्यांना करता येईल. आज विद्यापीठांखेरीज शाळा, ग्रंथालये, रुग्णालये आणि स्थानिक शासनसंस्था हे मेरिटचे ग्राहक आहेत. मालकी मात्र मिशिगनच्या सार्वजनिक विद्यापीठांचीच आहे आणि कारभार त्यांच्या प्रतिनिधींचे मंडळ पाहते.